केरबा आणि भिंतीवरचं काळवीट

अहमदपूर तालुक्यातल्या धोंडमाळला कुणाची म्हैस हरवली, शेळी चोरीला गेली, की लोक आधी पोलीस ठाण्यात जात नाहीत, केरबाकडं जातात. केरबाचं वय बहात्तर. चार एकर रान, डोळ्याला अजून चष्मा नाही, आणि जीभ भलती तिखट. बांधावर वाकून तो माती बघतो आणि सांगून टाकतो, "म्हैस गाभण हाय, मागच्या डाव्या पायानं लंगडून राहिली. तिच्यासंगं चप्पल घातलेला माणूस हाय, टाच उजवीकडून झिजलीय. आता अशी चप्पल कुणाची, ते मला कामून इचारता? तुमाला ठावं हाय."

चाळीस वर्षांत त्याचा शब्द एकदाही खोटा निघाला नव्हता. प्राण्यांची गणती असली की वन खात्याचे लोकसुद्धा त्याला जीपमध्ये बसवून न्यायचे. केरबा म्हणाला कोल्हा, तर कागदावर कोल्हाच लिहिला जायचा. घरात मिरवण्यासारखं त्याच्याकडं दुसरं काही नव्हतं. हा एक शब्द होता, आणि तो जपताना म्हातारा भल्याभल्यांचा मुलाहिजा ठेवत नसे.

माग काढायला तो शिकला शिकारीतून. कायदा यायच्या आधीची गोष्ट. केरबा तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा. गावच्या भुईमुगात एक रानडुक्कर शिरायचं, एका रात्रीत अर्धा पट्टा उकरून जायचं. केरबा, त्याचा जोडीदार किशन आणि गावातली आणखी सहा जणं भाले-काठ्या घेऊन निघाली. दिवस उगवताना माग लागला आणि दिवस कलताना डुक्कर मन्याड नदीच्या काठाला लागलं. तिथं ते उलटलं. केरबाची पोटरी गुडघ्यापर्यंत फाडली, सगळ्यांच्या देखत पाण्यात उडी घेतली आणि पलीकडं निघून गेलं. पलीकडच्या काठावर उभं राहून अंग झाडलं, म्हणतो केरबा, आणि आमच्याकडं बघून फुरफुरलं.

हातात काय आलं? काही नाही. किशननं आपलं धोतर फाडून पोटरी बांधली आणि केरबाला पाठीवर घेऊन चार कोस चालला. वाटेत रानातल्या एका आखाड्यावर, शेतातल्या वस्तीवर राहणाऱ्या म्हातारीनं दोघांना भाकरी आणि ठेचा दिला आणि वरून दोघांच्या बापाचा उद्धार केला. आज किशनचा किशनराव झालाय, नातवंडांचा आजोबा झालाय, पण पारावर बसला की ते डुक्कर एकदा तरी निघतंच. दरवर्षी ते थोडं थोडं वाढतं. आता रेड्याएवढं झालंय. केरबा त्याला टोकत नाही. पुढं त्यानं कितीतरी ससे धरले, त्यातला एकही त्याला धड आठवत नाही. न मिळालेलं डुक्कर मात्र पंचावन्न वर्षं आठवतंय.

आणि मिळालं तर वाटा व्हायचा. ही त्या वेळची रीत. मटणाचे सारखे ढीग लावायचे. हाकारे घालणाऱ्याला ढीग, कुत्र्याला ढीग, घरी अंथरुणाला खिळलेल्याला ढीग. वाटे चालू असताना एखादा परका वाटसरू तिथून गेला तरी त्याच्या हातावर ढीग ठेवायचा. शिंगं, कातडं, मुंडकं असलं काही कुणी मागून घेत नसे. मुंडकं कुत्र्यांकडं जायचं. कायदा आला तसं केरबानं भाला माळ्यावर टाकला. किशननं एकदा कुरकुर केली, तर त्याला म्हणाला, "आता जनावरं उरलीत किती? जी हायेत ती बगू की जरा."

मग तो बघत राहिला. धोंडमाळच्या माळावर काळविटांचा एक कळप आहे. त्याचा म्होरक्या म्हणजे एक काळाभोर नर, डावं शिंग टोकाला वाकलेलं. केरबा त्याला वाकड्या म्हणायचा. त्याच्या पुढच्या उजव्या खुराला चीर आहे, तो कुठं पाणी पितो, कोणत्या बाभळीखाली टेकतो, हे केरबाला आपल्या घरच्या माणसांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

हे सगळं शिवशंकर ठेकेदाराच्या कानावर गेलं, आणि तिथून बिनसलं.

शिवशंकर रस्त्याची कामं घ्यायचा. पन्नाशीचा गडी, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, बोलणं मोठं. अहमदपुरात त्यानं दोन मजली बंगला बांधला होता आणि गृहप्रवेशाची तारीख ठरली होती. घर शुद्ध शाकाहारी. त्याची आई जगदेवीअव्वा अशी कडक, की अंडं खाऊन आलेल्या माणसाला ती ओसरीवरूनच पाणी द्यायची. आणि ह्या घराच्या चिरंजीवांना दिवाणखान्याच्या भिंतीवर काय पाहिजे? तर काळविटाचं मुंडकं! कुठंतरी हैदराबादला कुणाच्या बंगल्यात बघून आला होता. तेव्हापासून नुसती भिंत त्याला बोडकी दिसायला लागली.

केरबाचा मुलगा सुदर्शन शिवशंकरचा टिप्पर चालवायचा. त्याच्याकडून निरोप आला, आणि पाठोपाठ शिवशंकर स्वतःच गाडी घेऊन आला.

"केरबाकाका, अशी शिकार पायजे की तालुक्याच्या ध्यानात राहिली पायजे," तो म्हणाला. "बंदुकीची सोय झाली. तुमी फक्त वाकड्या शिंगाचं दाखवा."

"आन् मारून काय करता, मालक? खाता?"

"छे छे! आमी कुठं खातो?"

"मग गावात वाटता?"

"वाटायचं कशाला? मुंडकं घेऊन यायचं. बाकीचं पडू द्या तिथंच."

केरबानं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. भूक लागलेल्या माणसानं मारलं तर त्याला तो शिव्या देऊन सोडून दिला असता. पीक खाल्लं म्हणून चिडून मारलं, तेही त्याला एकवेळ समजलं असतं. पण जे तोंडात घालायचं नाही, ज्याचा वास घरात चालत नाही, ते मारायचं आणि वर त्याचं डोकं पाहुण्यांना दाखवायचं, ही कसली मर्दुमकी?

"मला जमणार न्हाई," तो म्हणाला.

शिवशंकर हसला. "तुमी न्हाई तर दुसरा कोणी दाखवील. जीप घालू माळावर. आन् सुदर्शनला मग ठेवून तरी काय करू? बापाचा उपयोग न्हाई, लेकाचा काय होणार?"

गाडी गेल्यावर सुदर्शन खाली मान घालून बोलला, "बा, दोन पोरं हायेत मला. टिप्पर गेलं तर काय खाऊ?"

केरबा त्याच्यावर खेकसला, मग हिशेब करत बसला. आपण नाही म्हणालो तर हे जीप घालून कळपच्या कळप पळवतील, पाडसं तुडवतील, आणि लेकाचं काम जाईल ते वेगळंच. हाव म्हणालो तर वाकड्या जाईल. दोन दिवस त्याच्या घशाखाली भाकरी नीट उतरली नाही. तिसऱ्या दिवशी निरोप धाडला, "येतो म्हणावं. पण जीप रस्त्यावर ठेवायची. पायी चालायचं. आन् मी नेईन तिकडून यायचं."

जानेवारीतली सकाळ. शिवशंकर आणि त्याचे दोन दोस्त गाडीतून उतरले ते पाहून केरबाला हसू आवरेना. तिघांच्या अंगात हिरवे-मातकट ठिपक्यांचे कपडे, नवे कोरे, घडीच्या रेषा तशाच. शिवशंकरच्या अंगाला अत्तराचा वास असा, की बांधावरचं कुत्रंसुद्धा शिंकलं. एकानं लगेच मोबाईल काढला. बंदूक धरलेला शिवशंकर पुढं, मागं तोंड फिरवून उभा केरबा, असा फोटो झाला.

मग केरबानं त्यांना चालवलं. वारं पाठीवर घेऊन चालवलं.

शिकारीचा हा पहिला धडा. ज्याला जनावर गाठायचं त्यानं वारं तोंडावर घ्यावं. वारं पाठीवर घेतलं, की तुमच्या अंगाचा वास तुमच्या आधी मैलभर पुढं पोचतो. हाकारे घालणाऱ्या पोराला जे कळतं, ते ह्या तीन शिकाऱ्यांना दिवसभरात कळलं नाही. वारं फिरलं की केरबा फिरायचा, आणि ते त्याच्या मागं मेंढरासारखे फिरायचे. नांगरटीतून नेलं, कुसळातून नेलं, ओढ्यातल्या गाळातून नेलं. अत्तर पुढं पुढं आणि हे मागं मागं.

"ताजी लेंडी हाय. आत्ताच गेलं बगा," केरबा अधूनमधून म्हणायचा, आणि ते खरंच असायचं. दोनदा तर वाकड्या लांब टेकाडावर दिसला. उभा राहिला, मान वळवून बघितलं, आणि पलीकडं उतरून गेला. त्याला घाईसुद्धा वाटली नाही.

चार वाजता शिवशंकरच्या पायाला फोड आले होते. तेवढ्यात त्याला ज्वारीपलीकडं काहीतरी काळं दिसलं. वर दोन शिंगं. केरबा तोंड उघडायच्या आत त्यानं बार काढला. काळं जागचं हललं नाही. हलणार कसं? रेवणप्पाच्या तुरीची गंज होती ती, काळ्या ताडपत्रीनं झाकलेली, आणि वर दोन तुराट्या खोचलेल्या. रेवणप्पा आखाड्यातून बोंबलत आला. आपल्या तुरीवर गोळी का घातली, ह्याचं उत्तर त्याला तिघांपैकी एकालाही देता येईना. आणि गंमत अशी, की ताडपत्रीला भोकसुद्धा पडलं नव्हतं. एवढी मोठी गंज उभी, तीही चुकली होती!

त्या दिवशी केरबा घरी येऊन दोन भाकरी जास्तीच्या जेवला. त्याला वाटलं, संपलं.

तीन आठवड्यांनी गृहप्रवेशाचं आमंत्रण आलं. सुदर्शन म्हणाला, "मालकानं सांगितलंय, बा, तुमाला पुढं बसवायचंय."

केरबा धुतलेलं धोतर नेसून गेला. बाहेर मांडव, मांडवात मठाचे स्वामी येऊन बसलेले. आता पाद्यपूजा व्हायची आणि मग त्यांनी उंबरा ओलांडायचा. आत दिवाणखान्यात केरबाला सोफ्यावर बसवलं. समोर भिंत, आणि भिंतीवर मुंडकं! काळं, गोल पिळाची शिंगं, डोळ्याभोवती पांढरी वर्तुळं, डावं शिंग टोकाला वाकलेलं.

केरबाला वाटलं, वाकड्या गेला. उठून तो भिंतीपाशी गेला. चार श्वास घेईपर्यंत बघत राहिला. मग परत येऊन बसला आणि उपरण्यानं तोंड पुसायचं सोंग करून हसू दाबत राहिला.

शिवशंकर पाहुण्यांना सांगत होता, "हे बगा, केरबाकाका. तालुक्यातला नंबर एकचा मागकरी. ह्यांच्या समोर पाडलं. दीडशे पावलावरून, एका गोळीत. सांगा काका, सांगा कसं झालं ते!"

वीस-पंचवीस माणसं केरबाकडं बघायला लागली. दाराशी सुदर्शन उभा होता, डोळ्यांनी विनवत. हाव एवढंच म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी भागलं असतं. पण चाळीस वर्षं जपलेला शब्द होता, तो ह्या फुकट्याच्या भिंतीला टांगायचा?

"त्या दिवशी लई चाललो," केरबा म्हणाला. "लई."

तेवढ्यात अव्वा हळदी-कुंकवाचं ताट घेऊन आत आली, तसा शिवशंकरचा आवाज एकदम खाली गेला. अव्वाला त्यानं सांगितलं होतं, की हे प्लास्टिकचं आहे, शोसाठी आणलंय. दोस्तांना शिकार, आईला प्लास्टिक. खरं काय ते एकट्यालाच ठाऊक, असं त्याला वाटत होतं. हैदराबादच्या एका माणसाकडून त्यानं ते विकत आणलं होतं, अस्सल म्हणून, शिंग वाकवून द्यायला सांगून.

आणि मग दाराशी वन खात्याची जीप थांबली. वनपाल महामायाताई आणि दोन वनरक्षक उतरले. शिवशंकरनं सकाळीच मोबाईलच्या स्टेटसला दोन फोटो लावले होते. एकात बंदूक घेऊन तो आणि मागं केरबा, दुसऱ्यात मुंडकं. खाली लिहिलेलं, 'माझी पहिली शिकार'. अडाणी चोरसुद्धा चोरी करून दवंडी पिटत नाही. ह्यानं सगळ्या तालुक्याला दाखवली होती.

"काळवीट मारलं म्हणजे तीन ते सात वर्षं," महामायाताई म्हणाली. मग तिची नजर केरबाकडं गेली आणि तिचा चेहरा उतरला. "काका, तुम्ही? फोटोत तुम्ही दिसलात तेव्हा मला खरंच वाटलं नाही."

केरबाच्या काळजाला ते लागलं. एवढ्या वर्षांत त्याच्याकडं असं कुणी बघितलं नव्हतं.

"अहो मॅडम, प्लास्टिक हाय ते!" शिवशंकर ओरडला. "अव्वा, सांग की!"

अव्वा पुढं झाली. ताट खाली ठेवलं, स्टुलावर चढली, आणि मुंडक्याच्या मानेचे दोन-चार केस उपटले. खाली येऊन ते समईच्या ज्योतीवर धरले. चरचर झाली आणि जळक्या केसांचा घाण वास दिवाणखानाभर पसरला.

"प्लास्टिकचा असा वास येतो का रे?" तिनं विचारलं.

शिवशंकर महामायाताईकडं वळला. "मॅडम, म्या मारलं न्हाई. विकत आणलंय, देवाशपथ!"

"विकत आणलं तरी गुन्हाच आहे. चला."

"केरबाकाका!" तो केरबाच्या गुडघ्याशी येऊन बसला. मघाशी दीडशे पावलांवरून पाडणारा गडी आता रडकुंडीला आला होता. "काका, तुमी सांगा ह्यांना. आपण काहीच मारलं न्हाई. तुमचा शब्द ऐकतेत त्या."

"कोन्तं सांगू, मालक?" केरबा म्हणाला. "मघाचं, का आत्ताचं?"

केरबा सावकाश उठला.

"मॅडम, आधी माझं लिहा. मी गेलतो. ह्यांच्या हातात बंदूक होती, ते मला दिसत होतं, तरी गेलतो. लेकाचं काम जाईल म्हणून गेलतो. दिवसभर वारं पाठीवर घेऊन फिरवलं ह्यांना. गोळी सुटली ती रेवणप्पाच्या तुरीवर, तीबी लागली न्हाई. वाकड्या माळावर हाय, कालच पाणी पिऊन गेला. चला, दावतो."

"मग मला फोन करायचा होता, काका," महामायाताई रागानंच म्हणाली.

"चुकलं माझं," केरबा म्हणाला. आयुष्यात त्यानं हे फार वेळा म्हटलेलं नव्हतं. मग त्यानं भिंतीकडं बोट केलं. "आन् हे काळवीट न्हाई. बकरं हाय. उस्मानाबादी. डोळ्याभोवती पेंट मारलाय. शिंगाला सांध्याची रेघ हाय, साच्यातली. कान तारेनं उभे केलेत. आन् त्या उजव्या कानाला भोक बगा. लस देताना जनावराच्या डॉक्टरनं बिल्ला मारला होता, त्याचं भोक हाय ते. माळावरच्या काळविटाला बिल्ला कोण मारायला गेलतं?"

महामायाताईनं स्टूल ओढलं, कान हातात घेतला, वाकवला. आतली तार बाहेर आली. तिनं त्या भोकातून उजेडाकडं बघितलं, आणि तिच्यामागं उभा असलेला वनरक्षक आधी फिस्सकन हसला. मग दारातले हसले, मग सगळा मांडव.

शिवशंकर सुटला होता, पण सुटल्याचा आनंद त्याच्या तोंडावर दिसेना. "बकरं?" तो पुटपुटला. "त्यानं तर अस्सल म्हणून…"

"बकरं," अव्वा म्हणाली. "मेलेलं बकरं. माझं देवघर आहे त्या घरात." आणि ती पदर तोंडाला लावून मागच्या दारानं निघून गेली. मांडवातले स्वामी हे सगळं ऐकत होते. त्यांनी काठी घेतली, खडावा पायात सरकवल्या, आणि उंबऱ्याला पाय न लावता वाटेला लागले. त्यांच्यामागं एकेक पाहुणा उठला.

पंचनामा दिवाणखान्यातच झाला. 'सदर मुंडके पाळीव बकऱ्याचे असल्याचे दिसून आले.' मुंडकं तपासणीला आणि बंदूक जप्तीला गेली. बंदूक घेऊन माळावर जाण्याचं प्रकरण वेगळं, त्याच्या तारखा अजून चालू आहेत, आणि केरबा प्रत्येक तारखेला धोतर नेसून साक्षीला जातो. त्या दिवशी साक्षीदार म्हणून पंचनाम्यावर पहिली सही त्याचीच झाली. साक्षीदार म्हणूनच तर त्याला बोलावलं होतं.

सुदर्शननं टिप्परची किल्ली स्वतःच शिवशंकरच्या हातात ठेवली. येताना बापलेक स्टँडपर्यंत चालत आले. सुदर्शन चार पावलं पुढं चालत होता, आणि केरबाला वाटलं, पोरगं आता जन्मभर बोलायचं नाही. मग सुदर्शनचे खांदे हलायला लागले. "बिल्ल्याचं भोक!" तो म्हणाला आणि रस्त्यातच पोट धरून खाली बसला. आता तो एका शाळेची गाडी चालवतो.

पारावर किशनराव हल्ली डुक्कर काढत नाही. शिवशंकरचं काळवीट काढतो. त्यालाही वाढवतोय. परवा त्या मुंडक्यानं स्वामींना बघून 'मॅ' केल्याचं सांगत होता. अहमदपूरच्या स्टँडवर, चहाच्या गाड्यावर, बाजारच्या दिवशी मोंढ्यात, शिवशंकर दिसला की कुणीतरी हळूच आपलाच कान धरून उजेडाकडं बघतं. शिकार तालुक्याच्या ध्यानात राहिली पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं. राहिली.

बंगल्यात आता तो राहतो, पण अव्वा जुन्या घरातच राहते. त्या भिंतीवरचा मोठा खिळा काही केल्या निघत नाही, म्हणून त्याला कॅलेंडर अडकवलंय.